देवासाठी कोरडी जागा

हेमराजभाईंचा टेप कधी चुकत नाही. ही गोष्ट टेंभरवाड्यातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, कारण हेमराजभाईंनी ती एकेकाला गाठून, खांद्यावर हात ठेवून, स्वतः सांगितलेली आहे. त्यांची सारी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात उसाचे प्लॉट मोजण्यात गेली. नोकरी संपली, सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं. टेप मात्र काही सेवानिवृत्त झाला नाही. चामड्याच्या गोल डबीतला तो लांबलचक टेप पिशवीत घेतल्याशिवाय हेमराजभाई दाढी करायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. कुणाच्या लग्नात गेले तर आधी मांडव मोजतात, मग अक्षता टाकतात. नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन सांगतात, "मांडववालानी फसाडं तुले. हातभर कमी शे. मन्हा टेप चुकत नही."

असा हा माणूस एका दगडापुढे मात्र हात टेकून बसला होता.

तर तो दगड असा. तापीकाठी हेमराजभाईंचं शेत आणि त्याला लागूनच लोटनभाईंचं. दोघं एकमेकांचे साडू. चारुलताबाई थोरली, ती हेमराजभाईंना दिलेली. वत्सलाबाई धाकटी, ती लोटनभाईंना. दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावर, अगदी कोपऱ्यात, एक शेंदूर फासलेला गोल दगड आहे. तो दोघांचा शेतदेव, आणि तोच दोघांच्या हद्दीची खूण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात पुरणपोळी झाली की पहिला नैवेद्य त्याला.

आणि दरसाल काय व्हायचं, बघा. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी हेमराजभाई सहज म्हणून टेप घेऊन बांधावर जायचे आणि दगड त्यांच्या शेतात हातभर आत आलेला असायचा. मग ते तसेच बोंब मारत गावात यायचे. "लोटननी दगड सरकावा, चला दखाले." पारावरची मंडळी हातातला चहा संपवून, चपला शोधून, एकमेकांना हाका मारत बांधावर पोचेपर्यंत दगड आपल्या मूळ जागी, गपगार. हेमराजभाई टेप लावायचे. माप बरोबर. लोटनभाई उसात उभे राहून कान कोरत असायचे.

"घाबरीसन परत ठी दिन्हा त्यानी," हेमराजभाई सांगायचे.

मंडळी म्हणायची, "हो भाई, तसंच असेल," आणि परतताना सबंध रस्ता हसत यायची. अशी कितीतरी वर्षं गेली. आता तर आखाजी जवळ आली की लोक विचारायचे, "काय हेमराजभाई, औंदा देव कुठवर फिरायला जाणार?"

हेमराजभाईंना हातभर जमिनीचं काही पडलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. लोटननं एकदा, फक्त एकदा, चार लोकांसमोर स्वतःच्या तोंडानं म्हणावं, की दगडाला मी हात लावतो. आपण वेडे नाही, आपला टेप खोटा नाही, हे गावाला कळावं. त्यासाठी त्यांनी शेवटी सरकारी मोजणीचा अर्ज ठोकला. मोजणीवाले साहेब जूनच्या पहिल्या आठवड्यात येणार असं ठरलं.

दोघी बहिणींनी हिशेब केला. सरकारी माणूस बांधावर आला की मग दोन घरांतलं येणं-जाणं, पापड-कुरडया, सगळंच संपलं. वत्सलाबाई म्हणाल्या, "ताई, मोजणीना आगोदर ह्या दोन्हीसले कोठे तरी लई जाऊ. एका खोलीत झोपतीन, एका ताटलीत खातीन, व्हयी जाई गोड."

नेमकी त्याच आठवड्यात टीव्हीवर बातमी लागली. हिमालयात, एका राष्ट्रीय उद्यानात, शीतलधार नावाची मोठी हिमनदी आहे आणि ती वितळून दरसाल मागे मागे चालली आहे. पुढच्या पिढीला बघायला मिळते की नाही, असं तो बातमीवाला सांगत होता. शहाद्याचा नवनीत टूरवाला तर टपूनच बसला होता. त्यानं लगेच बोर्ड लावला, 'बर्फ संपण्याआधी चला'. दोघी बहिणींनी नवऱ्यांना न विचारता चार जागा पक्क्या केल्या.

"मी त्या लोटनसंगे डब्यात बसणार नाही," हेमराजभाई म्हणाले.

"मंग उभे ऱ्हा," चारुलताबाई म्हणाल्या.

नंदुरबार स्टेशनवर गाडीत चढले तेव्हा दोघं साडू एकाच बाकावर, मध्ये भरताच्या वांग्यांची पिशवी. ती पिशवी सबंध प्रवासात तिथून हलली नाही. दोघं तिच्यावरून एकमेकांकडे बघायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. गाडीनंतर बस, बसनंतर जीप, जीपनंतर खेचरं. खेचरावर बसल्यावर लोटनभाईंनी एकदा धीर करून विचारलं, "साडूभाऊ, बैल बरा का खेचर?"

"बैल बरा. तो दुसराना बांधवर चरत नही," हेमराजभाई म्हणाले, आणि बोलणं तिथंच मिटलं.

शेवटचा टप्पा पायी होता. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर नवनीतनं सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. "इथं प्लास्टिक टाकायचं नाही. चूल पेटवायची नाही. फूल तोडायचं नाही. इथली कुठलीच वस्तू उचलायची नाही, दगडसुद्धा नाही. समजलं ना, काका?"

"आम्ही काय दगडं न्यायला आलो? तापीत काय कमी दगडं आहेत?" हेमराजभाई म्हणाले. नवनीतशी बोलताना ते कारखान्यातली शुद्ध भाषा काढायचे.

वाट चढाची, दम लागणारी. आजूबाजूला नुसता राडारोडा, जसं काही मोठं धरण बांधून ठेकेदार पळून गेला असावा. वाटेत ठिकठिकाणी पाट्या उभ्या केलेल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, अमुक साली बर्फ इथपर्यंत होतं. हेमराजभाई थांबले. समोर बर्फाचं नावही नव्हतं. आणखी बरंच चालल्यावर दुसरी पाटी, त्यानंतरचं साल, तिथंही बर्फ नाही. मग तिसरी. हेमराजभाईंच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या. हा प्रकार त्यांना फार ओळखीचा वाटत होता.

"कोणी तरी बांध कोरी ऱ्हायनं," ते मोठ्यानं म्हणाले आणि लोटनभाईंकडे बघितलं.

"मी तर पहिल्यांदाच येल शे आठे," लोटनभाई म्हणाले.

आणि मग वळणावर ती दिसली. हिरवट-निळी, घाणेरडी, प्रचंड. बर्फाची भिंत म्हणा. खालच्या गुहेसारख्या तोंडातून मातकट पाणी धडाधडा बाहेर पडत होतं. सगळीकडून टपटप, टपटप. वत्सलाबाईंना एकदम भरून आलं. "व ताई," त्या म्हणाल्या, "ही तर रडी ऱ्हायनी." चारुलताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पुसता पुसताच त्यांना तो दिसला.

बर्फापासून बऱ्याच अलीकडे, चिखलपाण्यात, एक गोल दगड बसला होता. वरून लालभडक रंगवलेला. आता तुम्हीच सांगा, टेंभरवाड्याच्या बाईनं लाल फासलेला गोल दगड उघड्या रानात बघितला तर तिनं काय समजायचं?

"अहो, दखा," चारुलताबाई म्हणाल्या. "देव पाणीमा बठेल शे."

दोघी बहिणी लगबगीनं तिथं गेल्या. खरंच, बर्फाचं पाणी वाहत येऊन देवाच्या निम्म्यापर्यंत चढलं होतं. गार पाणी, बोट घातलं तर झिणझिण्या येतील असं. चारुलताबाईंचा जीव गलबलला. इतक्या थंडीत हा बिचारा एकटा, ना छप्पर ना ओटा, आणि वरून पायाखाली ओल.

"उचला त्याले," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "तठे वर, त्या खडकना खाले कोरडी जागा शे. तठे बसाडा."

हेमराजभाई जरा घुटमळले. त्यांना नवनीतचे नियम आठवत होते. ते नाही म्हणायच्याच बेतात होते, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात मागून लोटनभाई बोलले. तो दगड, ते पाणी आणि चारुलताबाईंचा तो चेहरा बघून लोटनभाई मघापासून काहीतरी विचित्रच हसत होते.

"राहू द्या, साडूभाऊ. देव तठेच बरा शे."

झालं. लोटन नको म्हणतो म्हटल्यावर हेमराजभाईंनी बाह्या सरसावल्या. "तू नको शिकाडू मले दगडनं," असं म्हणून त्यांनी तो धोंडा छातीशी धरला, धापा टाकत चढ चढले आणि बर्फाच्या भिंतीच्या बाजूला, एका पुढं आलेल्या खडकाखाली, खडखडीत कोरड्यात नेऊन बसवला. बहिणींनी कुंकू लावलं. घरून आणलेला रव्याचा लाडू नैवेद्याला ठेवला. हेमराजभाईंनी हात जोडले आणि मनातल्या मनात मागणं मागितलं, देवा, लोटनचं तोंड उघड.

देवानं ऐकलं, पण आधी भलत्याचंच तोंड उघडलं.

मंडळी वळणाच्या अलीकडे येऊन भाकरी आणि मिरचीचा ठेचा सोडून बसली होती. एवढ्यात धुकं उतरलं. हाताचा पंजा डोळ्यासमोर धरला तर दिसेल, कोपर दिसणार नाही, असं धुकं. त्यातून एक बाई आल्या. अंगात जाड जाकीट, नाक लाल, मागे दोन मदतनीस. नवनीतनं चौकशी करून सांगितलं, या संशोधक मॅडम. दरवर्षी इथं येतात आणि बर्फ किती मागे गेलं ते मोजतात.

'मोजतात' हा शब्द कानावर पडल्याबरोबर हेमराजभाई भाकरी ठेवून उठले.

मॅडमचं मोजायचं यंत्र थंडीनं बंद पडलं होतं आणि मदतनीस त्याची बॅटरी काखेत धरून गरम करत होता. हेमराजभाईंनी खाकरून आपला टेप पुढे केला. "मॅडम, पूरी जिंदगी गन्ना नापा है. हमारा टेप चुकता नहीं."

मॅडमला फार आनंद झाला. त्या म्हणाल्या, बर्फाच्या तोंडासमोर आमची एक कायमची खूण आहे, मी तिथं टेपचं टोक धरते. तुम्ही डबी घेऊन बर्फापाशी जा आणि आकडा सांगा. मदतनीसानं हेमराजभाईंना बर्फाच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. मॅडम धुक्यात शिरल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "अरे, निशान तो इधर है!" मग टेप ताणला गेला. हेमराजभाईंनी चष्मा पुसला, टेपला झोळ पडू दिला नाही, दोनदा बघितलं आणि कारखान्यात ओरडायचे तसा आकडा ओरडले.

धुक्यातून टेपला एक हिसका बसला.

"फिर से बोलिए?" मॅडमनी धुक्यातूनच विचारलं.

हेमराजभाईंनी परत तोच आकडा सांगितला.

"आप पक्का बोल रहे हैं?"

या प्रश्नानं हेमराजभाईंना राग आला. "मॅडम, टेंभरवाडे में किसी को भी पूछो. गलत निकला तो मूछ उतार दूँगा."

धुक्यातून एक किंकाळी आली. मग हसण्याचा आवाज, मग रडण्याचा. मॅडम ओरडत होत्या, "आगे आया है! ग्लेशियर आगे आया है!" मागच्या वर्षीपेक्षा अंतर कितीतरी कमी भरलं होतं. जी हिमनदी इतकी वर्षं नुसती पाठ दाखवत होती, ती औंदा तोंड वळवून परत निघाली होती. मदतनिसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बॅटरी काखेतून खाली पडली, कुणी उचलली नाही. मॅडमनी वायरलेसवर खालच्या तळाला कळवलं. तळावरून कुणीतरी सांगितलं, शिरा टाकतोय. वाटेवरून येणाऱ्या प्रवाशांना नवनीत धावत जाऊन सांगायला लागला, "आपल्या टूरच्या पायगुणानं बर्फ पुढे आलं." तेवढ्यात सुरतेचा एक मोठा गट येऊन पोचला. त्यांना नीटसं काही कळलं नाही, पण आनंदाची बातमी आहे एवढं कळलं, आणि त्यांना तेवढं पुरतं. त्यांनी राड्यारोड्यात गोल धरला आणि गरबा सुरू केला.

हेमराजभाईंच्या गळ्यात कुणीतरी मफलर घातला. कुणी फोटो काढला. त्यांच्या डोळ्यांसमोर टेंभरवाड्याचा पार आला, तिथं जमलेली मंडळी आली, आणि मंडळींच्या चेहऱ्यांवर आदर आला.

आणि धुकं उठलं.

टेपच्या दुसऱ्या टोकाला, पुढं आलेल्या खडकाखाली, खडखडीत कोरड्यात, मॅडम गुडघ्यांवर बसल्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एका हातात टेपचं टोक होतं, दुसरा हात लालभडक गोल दगडावर, आणि दगडावर रव्याचा लाडू.

हेमराजभाई तसेच घसरत घसरत लोटनभाईंपाशी आले आणि पहिल्यांदाच, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले.

"लोटन, तो देव नव्हता."

"मी तर सांगी ऱ्हायंतू, राहू द्या म्हणून."

"ऐक ना भो. सगळे नाची ऱ्हायनात तोवर तू हळूच तो दगड पहिला जागावर ठी ये. तुले जमस ते."

लोटनभाई जागचे हलले नाहीत. "चोरून दगड परत ठेवाना," ते म्हणाले, "आणि मंग लोके तुम्हले म्हणतीन, मोजणारा येडा शे. तुम्हले चाली का?"

हेमराजभाईंना हे कुठं तरी लागलं. का लागलं ते त्यांना त्या वेळी कळलं नाही.

मॅडम मोठ्या साहेबांना फोन लावत होत्या. रेंज येत नव्हती म्हणून त्या एका उंच धोंड्यावर चढल्या होत्या आणि हात वर करून उभ्या होत्या. रेंज आली की ही बातमी दिल्लीपर्यंत जाणार होती, आणि बातमीत मिशी पैजेला लावलेले हेमराजभाई. त्यांना स्वतःचीच दया आली, पण त्याहून जास्त त्या मोजणाऱ्या पोरीची आली. किती खूश होती ती. हेमराजभाई सुरतेच्या गोलात घुसले आणि दोन्ही हात वर करून ओरडले,

"थांबा! दगड मी सरकावा!"

गरबा थांबला. एका काकांची टाळी तशीच हवेत राहिली.

हेमराजभाईंनी मग मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत, जमेल तसं सगळं सांगितलं. देव समजून उचलला, पाण्यात होता म्हणून उचलला, बायकोनं सांगितलं म्हणून उचलला. मॅडम धोंड्यावरून खाली उतरल्या. त्यांनी दगड उलटा करून बघितला. खाली पांढऱ्या रंगात नंबर होता. त्या काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "दो मिनट के लिए मुझे लगा था, सच में…" आणि नाक पुसलं.

चारुलताबाईंनी दगडावरचा लाडू उचलून त्यांच्या हातात दिला. मॅडमनी तो खाल्ला.

आता प्रश्न हा, की दगड मुळात होता कुठं? सगळीकडे सारखाच चिखल, वरून सुरतेच्या मंडळींनी गोल फिरून फिरून जमीन तुडवलेली. मदतनीस म्हणाला इथं, नवनीत म्हणाला तिथं, हेमराजभाईंना तर काही सुचेचना. तेव्हा लोटनभाई शांतपणे पुढं आले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, चिखलात वाकून हातानं चाचपलं, दोन पावलं डावीकडे सरकले, परत चाचपलं. "हाऊ दखा खड्डा," ते म्हणाले. तळहाताएवढी खोलगट जागा, दगडाच्या बुडाच्या आकाराची. त्यांनी दगड आणून त्यात ठेवला, थोडा फिरवला, परत थोडा फिरवला, आणि तो असा बसला की जसा कधी उठलाच नव्हता. मॅडमनी मागच्या वर्षीचा फोटो मोबाईलवर काढून ताडून बघितला. एका बाजूची चीरसुद्धा त्याच दिशेला आली होती.

हेमराजभाई बघतच राहिले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"लोटन," ते म्हणाले, "तुले हाई कसं काय जमनं?"

"सवय शे," लोटनभाई हात धूत म्हणाले.

"म्हणजे आपला बांधना दगडले तू हात लावस?"

"दरसाल लावस. खोटं काब्रं सांगू?"

वत्सलाबाई होत्या, नवनीत होता, सुरतेचा सबंध गट होता. चार लोक हवे होते, चाळीस मिळाले. हेमराजभाईंना त्या बर्फात घाम फुटला. मागितलं आणि देवानं दिलं, आणि तेही देव नसलेल्या देवानं.

मॅडमनी परत टेप लावला. या वेळी हेमराजभाईंनी आकडा ओरडून सांगितला नाही, जवळ जाऊन सांगितला. बर्फ मागच्या वर्षीपेक्षा बरंच मागे गेलं होतं. दरवर्षी जातं त्याहूनही जास्त. मॅडमनी मान हलवली. त्यांना ते ठाऊकच होतं. सुरतेची मंडळी चपला झटकत उभी राहिली. तळावरचा शिरा तयार झालाच होता, तो सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला.

येताना गाडीत मात्र हेमराजभाईंचं तोंड मिटता मिटेना. वांग्यांची पिशवी रिकामी झाली होती, तरी ते लोटनभाईंना चिकटून बसले होते, कबुली सांडू नये म्हणून. नंदुरबारला उतरल्यावर उन्हाचा असा तडाखा बसला की हिमनदीची आठवण स्वप्नासारखी वाटायला लागली. रिक्षातच त्यांनी गावात फोन केले. मोजणीच्या दिवशी सगळ्यांनी बांधावर या, म्हणाले. चहा माझ्याकडे.

मोजणीच्या दिवशी सगळं टेंभरवाडं बांधावर. मोजणीवाले साहेब आले, तिपाई लावली, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितलं, नकाशा काढला. दगड होता तिथं खूण केली आणि म्हणाले, "बरोब्बर हद्दीवर आहे की. बोटभराचाही फरक नाही. तुमची तक्रार कशाची आहे?"

मंडळी हसायला लागली. हेमराजभाई याच क्षणाची वाट बघत होते.

"सायेब, हा आज बरोबर आहे, कारण यानं परत ठेवला. दरसाल सरकवतो आणि दरसाल परत ठेवतो. विचारा त्याला. हिमालयात कबूल झालाय, चाळीस साक्षीदार आहेत सुरतेत."

साहेबांनी लोटनभाईंकडे बघितलं. "काय हो?"

"परत ठेवस, हाई खरं," लोटनभाई म्हणाले.

"आणि सरकवतं कोण?"

लोटनभाईंनी उसाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, कानात करंगळी घातली. हेमराजभाई गरजले, "बोल ना. आता का दातखीळ बसली?"

"त्यासनं नाव मी कसं ल्यू?" लोटनभाई पुटपुटले. "मन्ही आकडसासू शे ती."

आकडसासू म्हणजे बायकोची थोरली बहीण. तिचा मान सासूइतका. तिच्यापुढे जावयानं डोळे वर करायचे नाहीत, तिच्याविरुद्ध तक्रार करायची तर गोष्टच सोडा. एवढी वर्षं लोटनभाईंनी गावाचं, साडूचं, सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं, पण तोंड उघडलं नव्हतं.

सगळ्यांच्या माना हळूहळू चारुलताबाईंकडे वळल्या. त्या चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांना कळेचना, लोक असं काय बघताहेत.

"हां, मीच सरकावस," त्या म्हणाल्या. "आखाजीले नैवेद्य लई येस तव्हय लोटनभाऊना पाटनं पाणी फुटेल ऱ्हास. देव पाणीमा बठेल ऱ्हास. मी त्याले आपला बाजूले कोरडामा बसाडस. मंग काय देवले तसाच भिजू देऊ?"

मोजणीवाल्या साहेबांनी नकाशा खाली ठेवला. त्यांच्या यंत्रात असा कुठलाच काटा नव्हता.

"मले कधी सांगं का नही?" हेमराजभाईंनी कसंबसं विचारलं.

"तुम्ही कधी विचारं? तुम्ही तर डायरेक गावात पयतस."

मंडळींनी चहा हसत हसत घेतला, ठसका लागेपर्यंत हसत घेतला. साहेबांनी यंत्र गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मग तक्रार कुणाविरुद्ध ठेवायची?" हेमराजभाईंनी चारुलताबाईंच्या हातातल्या किटलीकडे बघितलं. संध्याकाळचं जेवणही त्याच हातांनी वाढायचं होतं. "काढून टाका, सायेब," ते म्हणाले. "पाण्याची तक्रार होती. मिटली."

मग दोघा साडूंनी ठरवलं, आजच्या आज हा दगड सिमेंटमध्ये बसवून टाकायचा. एकदाचा विषय संपला पाहिजे. लोटनभाईंनी माल कालवला, हेमराजभाईंनी टेप लावून साहेबांच्या खुणेवर सुताएवढाही फरक न ठेवता जागा आखली, आणि दोघांनी मिळून देव उचलून ओल्या सिमेंटवर ठेवला. साहेब बघत होते, गाव बघत होतं. हेमराजभाईंनी टेप गुंडाळला. इतक्या वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं.

चारुलताबाई वाकल्या. त्यांनी देवाच्या बुडाशी बोट लावून बघितलं.

"जरासा इकडे ल्या," त्या म्हणाल्या. "तठे ओल शे."

हेमराजभाईंनी लोटनभाईंकडे बघितलं. लोटनभाई कान कोरायला लागले होते.

हेमराजभाईंनी टेप पिशवीत घातला, पिशवीचा बंद ओढला, आणि दगड सरकवला.